वळवलेले डावखुरे आणि मेंदूची डावी-उजवी बाजू : अभ्यासाच्या आखणीच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल

लहानपणी आपसूक डावा हात पुढे करणाऱ्या, पण घरच्यांनी किंवा शाळेने उजव्या हाताकडे वळवलेल्या माणसांच्या मेंदूतील डाव्या-उजव्या बाजूंचा फरक कोणासारखा असतो? जन्मापासून उजव्या असलेल्यांसारखा, की डावखुरेच राहिलेल्यांसारखा? हा आमचा प्रश्न आहे. हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतील गावांत अशी माणसे शोधावी लागत नाहीत. जेवण, प्रसाद, दिवा लावणे आणि पाटीवरचे पहिले अक्षर हे सारे उजव्या हातानेच व्हावे, असा आग्रह इथल्या घरांत एका पिढीपूर्वीपर्यंत सर्रास होता. युरोपात क्लॉपेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये, उजव्या हाताने लिहायला लावलेल्या डावखुऱ्यांच्या सेंट्रल सल्कस या मेंदूतील खाचेभोवतीच्या कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) व बेसल गँग्लियाचा (हालचालींशी संबंधित, मेंदूत खोलवर असलेल्या केंद्रांचा) अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यामुळे प्रश्न नवा नाही. हात बदलण्याचा आग्रह केवळ लेखनापुरता नसून ताटापर्यंत पोहोचलेला आहे, अशा समाजात तो तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

मेंदूची प्रतिमा घेणारा एमआरआय स्कॅनर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि त्याच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला आहे. रुग्णांची तपासणी संपल्यावर संध्याकाळचा वेळ आम्हाला मिळेल आणि एका स्कॅनचे साडेतीन हजार रुपये मोजावे लागतील. पैसे वाचवण्यासाठी दवाखान्यात साठवलेले जुने स्कॅन वापरता येतील का, हे आधी पाहिले. त्यांतील बहुतेक पाच मिलिमीटर जाडीच्या कापांचे आहेत, कापांमध्ये अंतर सोडलेले आहे आणि काही तर फक्त चित्राच्या फाइलच्या रूपात उरले आहेत. चित्राच्या फाइलमध्ये रुग्णाची डावी बाजू कोणती याची खात्रीलायक नोंद उरत नाही. तो मार्ग इथेच बंद केला. प्रत्येकाचा नवा त्रिमितीय टी-वन स्कॅन (मेंदूची रचना ठळक दाखवणारा एमआरआयचा प्रकार), तिन्ही दिशांनी एक मिलिमीटरचा, घ्यायचा असे ठरले.

२० एप्रिल

आखणीच्या पहिल्या मसुद्यात अशी पद्धत लिहिली होती : प्रत्येक गटात डावी आणि उजवी बाजू यांची वेगवेगळी तुलना करावी, आणि एका गटात फरक लक्षणीय आला व दुसऱ्यात आला नाही, तर दोन गटांत फरक आहे असे मानावे. आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी हा परिच्छेद पूर्ण खोडला. एका गटात पी-मूल्य (मुळात फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३ आणि दुसऱ्यात ०.०८ आले, तर त्यावरून दोन गटांतील असममिती, म्हणजे डाव्या-उजव्यातील फरक, वेगळी आहे असे काहीही सिद्ध होत नाही. गटांमधील फरकाचीच थेट चाचणी घ्यावी लागते, म्हणजे गट आणि बाजू यांची आंतरक्रिया (डाव्या-उजव्यातील फरक गटानुसार बदलतो का) तपासावी लागते. ही चूक किती पसरलेली आहे याचा हिशेब न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडला होता. मज्जाविज्ञानातील ज्या १५७ लेखांत अशी तुलना होती, त्यांपैकी ७९ लेखांनी ती चुकीच्या रीतीने केली होती, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त.

सुधारलेल्या मसुद्यात प्रत्येक व्यक्तीसाठी असममिती निर्देशांक काढायचा आहे : डाव्या बाजूच्या मापातून उजव्या बाजूचे माप वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला दोन्ही मापांच्या सरासरीने भागायचे. मग फक्त हा एक आकडा गटागटांत तुलना करायचा. निर्देशांक धन आला तर डावी बाजू मोठी, हे वाक्य आखणीत ठळक लिहून ठेवले आहे, कारण काही अभ्यासक उजव्यातून डावी वजा करतात आणि दोन लेख शेजारी ठेवून वाचताना निष्कर्ष उलटा लागण्याचा धोका असतो. भागाकारामुळे आणखी एक अडचण येते. जिथे ग्रे मॅटर (मेंदूतील पेशींनी भरलेला करडा भाग) अगदी कमी आहे तिथे भाजक शून्याच्या जवळ जातो आणि निर्देशांक बेफाम वाढतो. म्हणून ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ग्रे मॅटर असलेले व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेतील बारीक घन ठिपके) आधीच वगळायचे आहेत.

४ मे

आज स्कॅनरची परीक्षा घेतली. मेंदूत डावे-उजवे फरक मुळातच बारीक असतात, तेव्हा डोक्याभोवतीच्या, संकेत टिपणाऱ्या कॉइलची एक बाजू थोडी अधिक संवेदनशील असली, तरी तो यंत्राचा फरक मेंदूचा फरक म्हणून मोजला जाऊ शकतो. तपासणीसाठी माणसाच्या डोक्याएवढे टरबूज घेतले. एकदा देठ डोक्याच्या दिशेला ठेवून स्कॅन केला, नंतर वरची बाजू वरच ठेवून देठ पायांच्या दिशेला फिरवला आणि पुन्हा स्कॅन केला. असे फिरवल्याने टरबुजाची डावी बाजू स्कॅनरच्या उजवीकडे जाते. जो फरक टरबुजाबरोबर फिरतो तो टरबुजाचा, आणि जो जागच्या जागी राहतो तो यंत्राचा.

एका बाजूचा उजळपणा दोन्ही वेळा स्कॅनरच्या त्याच बाजूला राहिला. कॉइल बिघडलेली नव्हती. गादीच्या आधाराचे तुकडे दोन्ही बाजूंना सारखे बसत नसल्यामुळे फळ मध्यरेषेपासून सरकलेले होते, आणि प्रतिमेतील उजळपणा सारखा करण्याची स्कॅनरमधील सोयही बंद होती. दोन्ही गोष्टी सुधारल्यावर फरक बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणून दोन निर्णय घेतले. गट ओळीने स्कॅन करायचे नाहीत. आधी सगळे उजवे आणि मग सगळे डावखुरे असे केले, तर मधल्या काळात यंत्रात झालेला बदल गटाच्या माथी जाईल. म्हणून तिन्ही गटांतील (जन्मापासून उजवे, डावखुरेच राहिलेले आणि वळवलेले) माणसे मिसळून बोलवायची. आणि फिरवून घेण्याची ही चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करायची. टरबुजाचा हंगाम संपल्यावर त्यासाठी झाकण घट्ट बंद होणारी पाण्याची प्लास्टिकची बरणी वापरायची आहे. बरणीत हवेचा बुडबुडा राहिला, तर त्याच्या कडेला प्रतिमा विकृत होते, त्यामुळे ती काठोकाठ भरावी.

१५ मे

प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन-ई ची मऊ कॅप्सूल चिकटवायची आहे. तेल असल्यामुळे ती टी-वन प्रतिमेत ठळक पांढरी दिसते आणि प्रतिमा कितीही हातांतून गेली तरी उजवी बाजू ओळखता येते. पूर्वचाचणीत कॅप्सूल केसांच्या कडेला चिकटवली होती आणि डोक्याला लावलेल्या तेलामुळे पट्टी सुटून ती मानेखाली घरंगळली. आता कानापुढची केस नसलेली जागा स्पिरिटने पुसून, कोरडी करून, तिथे कागदी चिकटपट्टीचे दोन आडवे तुकडे लावतो. कॅप्सूल प्रतिमेत दिसली नाही, तर तो स्कॅन मुख्य विश्लेषणात घ्यायचा नाही, असा नियम केला आहे. स्कॅनचा खर्च गेला तरी चालेल, असे आम्ही एकमताने ठरवले. बाजूबद्दल शंका असलेला एकही मेंदू या अभ्यासात चालणार नाही.

डावे-उजवे नेमके कुठे उलटू शकते, याचा शोध घेताना एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. तंत्रज्ञाने रुग्णाची स्थिती चुकीची भरली, म्हणजे डोके आधी याऐवजी पाय आधी असे नोंदले, तर डावे-उजवे उलटते. पण त्याबरोबर वर-खालीही उलटते आणि मेंदू उफराटा दिसतो. ती चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक पुढच्या पायरीवर होते. कोणीतरी उफराटी प्रतिमा पाहून ती फक्त वर-खाली पालटते. मेंदू सरळ दिसू लागतो, पण आता तो आरशातला मेंदू झालेला असतो. प्रतिमा नुसती फिरवली तर मेंदू तोच राहतो. एकाच अक्षावर पालटली, की डावे उजवे होते.

म्हणून रूपांतराची एकच वाट ठेवली आहे. स्कॅनरमधून येणारी डायकॉम फाइल डीसीएमटूनिक्स या प्रोग्रामने निफ्टी या संशोधनातील फाइल-प्रकारात रूपांतरित करायची, हेडरमधील (फाइलच्या माहितीच्या भागातील) क्यूफॉर्म आणि एसफॉर्म या दिशांच्या दोन नोंदी एकमेकांशी जुळतात का ते पाहायचे, आणि त्यानंतर हेडरला कोणीही हात लावायचा नाही. एफएसएल या मेंदूच्या प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमधील ज्या आज्ञा प्रतिमेचा विदा तसाच ठेवून हेडरमधील दिशा बदलतात, त्या या प्रकल्पात वर्ज्य आहेत. रेडिओलॉजी विभागाच्या पडद्यावर रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे असते, तर आमच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ती डावीकडेच असते. यामुळे बैठकीत दोन जण एकाच प्रतिमेबद्दल विरुद्ध बाजू सांगत होते. यापुढे तोंडी किंवा लेखी बोलताना पडद्याची बाजू सांगायची नाही, रुग्णाचीच बाजू सांगायची.

३० मे

हातांचा कल मोजण्यासाठी ओल्डफिल्ड यांची १९७१ ची एडिनबर्ग प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात दहा कामे आहेत : लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासण्याचा ब्रश, सुरी, चमचा, झाडूवरचा वरचा हात, काडी ओढणे आणि डब्याचे झाकण उघडणे. ती मराठीत करून गावात नेली आणि निम्मी निकामी ठरली.

चमच्याने जेवणारे थोडे, आणि चमचा हातात असला तरी तो उजव्याच हातात धरायचा हे शिकवलेले. केरसुणी एका हाताने धरतात, त्यामुळे वरचा हात हा प्रश्नच उद्भवत नाही. भाजी विळीवर चिरतात आणि तिथे दोन्ही हात कामाला लागतात. वडीलधारी माणसे राखुंडीने बोटाने दात घासत आली आहेत. गावात मिळणारी कात्री उजव्या हातासाठीच घडवलेली असते. शाळेत न गेलेल्या स्त्रियांच्या बाबतीत लिहिणे आणि चित्र काढणे हे दोन्ही प्रश्न रिकामे राहिले. ज्या कामांवर समाजाचा आग्रह आहे, त्याच कामांवरून कल ठरवला, तर वळवलेला डावखुरा आणि जन्माचा उजवा यांत भेद करता येत नाही आणि अभ्यासाचा पायाच जातो.

गावांत आमच्यासाठी संपर्क ठेवणाऱ्या आशाताई आणि गावातील काही जाणत्या स्त्रियांसह बसून कामांची दुसरी यादी केली. दगड किंवा गोफण फेकणे, कुऱ्हाडीच्या दांड्यावरचा वरचा हात, काडेपेटीची काडी ओढणे, सुईत दोरा ओवताना हलणारा हात, खिळा ठोकताना हातोडी धरणारा हात, गाय दोहताना आधी पुढे जाणारा हात. या कामांवर कोणी लहानपणी चापट मारलेली नसते. विळा मुद्दाम वगळला, कारण दातेरी विळ्याचे दाते बहुधा उजव्या हाताच्या ओढीसाठी पाडलेले असतात आणि डावखुऱ्यालाही तो उजव्या हातात धरावा लागतो. कापूस वेचताना दोन्ही हात चालतात, म्हणून तेही नाही.

यादी दोन भागांत ठेवली आहे. पहिल्या भागात समाजाने शिकवलेली कामे आणि दुसऱ्यात न शिकवलेली. दोन्ही भागांचे गुण वेगळे काढायचे आणि त्यांची बेरीज करायची नाही. पहिल्यात उजवा आणि दुसऱ्यात डावा, तो वळवलेला. ही व्याख्या स्मरणावर कमी आणि आजच्या हालचालीवर जास्त अवलंबून आहे. तरीही लहानपणी हात बदलायला लावल्याची खात्री आई, आत्या किंवा मोठ्या भावंडाकडून करून घ्यायची आहे. तीन-चार वर्षांच्या वयात घडलेले खुद्द माणसाला आठवेलच असे नाही.

८ जुलै

सांगण्यावर विसंबून राहू नये म्हणून खुंट्यांची चाचणीही घेत आहोत. अॅनेट यांच्या १९७० च्या पद्धतीत एका ओळीतील दहा खुंट्या एकेका हाताने दुसऱ्या ओळीत हलवायच्या असतात आणि दोन्ही हातांचे वेळ मोजायचे असतात. गावातल्या सुताराकाकांनी सागाच्या उरलेल्या फळीत ती पाटी अतिशय सुबक करून दिली. उन्हाळ्यात ती उत्तम चालली. पहिला मोठा पाऊस झाल्यावर लाकूड फुगले आणि खुंट्या अडकू लागल्या. सगळी भोके सारखी फुगली नव्हती, त्यामुळे एका हाताची ओळ दुसऱ्या हाताच्या ओळीपेक्षा जड झाली होती. भोके मोठी करण्याचा मोह टाळला, कारण त्यामुळे हिवाळ्यात ती सैल झाली असती. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून जाड अॅक्रिलिकमध्ये नवी पाटी कापून घेतली, खुंट्याही त्याच वस्तूच्या केल्या आणि लाकडी पाटीवर घेतलेल्या वेळा रद्द केल्या. आता प्रत्येक व्यक्तीला पाटी दोन्ही दिशांनी ठेवून चाचणी द्यावी लागते.

१९ जुलै

आजवरची सर्वांत मोठी अडचण नावांची यादी वयानुसार लावल्यावर समोर आली. वळवलेले बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि डाव्या हाताने लिहिणारे बहुतेक जण पंचविशीच्या आतले. कारण उघड आहे : शाळांनी आणि घरांनी आग्रह सोडला तो अलीकडे. पण त्यामुळे गट आणि वय एकमेकांत गुंतले आहेत. वयाबरोबर मेंदूचे आकारमान बदलते, त्यामुळे वळवलेल्यांत काही वेगळे दिसले, तर ते हात बदलल्यामुळे की वयामुळे हे सांगता येणार नाही.

वय हे सहचल (ज्याचा परिणाम हिशेबातून वजा करायचा तो घटक) म्हणून समीकरणात घातले की काम झाले, असे अनेकदा मानले जाते. ते इथे लागू पडत नाही. दोन गटांच्या वयांत सामाईक पट्टाच नसेल, तर समीकरण जिथे माणसेच नाहीत तिथला अंदाज बांधत राहते. मॅडमनी दोन्ही गटांची वये एकाच आलेखावर ठिपक्यांनी दाखवली, तेव्हा मधली मोकळी जागा सगळ्यांना दिसली आणि वाद राहिला नाही.

तोडगा महाग आहे. वयोमर्यादा ३० ते ४५ ठेवली. या वयात दोन्ही प्रकारची माणसे सापडतात, कारण याच काळात काही घरांनी आग्रह धरला आणि काहींनी सोडला. निदान चौथीपर्यंत शाळेत गेलेल्यांनाच मुख्य तुलनेत घ्यायचे, कारण लेखन अजिबात न केलेल्यांना तीनही गटांत सारखे वाटता येत नाही. शक्य असेल तिथे एकाच घरातील भावंडे घ्यायची. या अटींमुळे आधी केलेल्या यादीतील बहुसंख्य नावे गळली आणि गावे वाढवावी लागली. ज्या वडीलधाऱ्यांनी उत्साहाने नावे दिली होती त्यांच्याकडे आशाताईंनी स्वतः जाऊन कारण समजावून सांगितले.

२८ जुलै

किती माणसे लागतील? दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांतील फरकाच्या मापाच्या) अर्ध्याएवढा, असेल तर ०.०५ पातळीवर ८० टक्के शक्यतेने तो पकडण्यासाठी प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात. फरक त्याहून लहान, ०.२ एवढा असेल, तर जवळजवळ ४००. हाताच्या कलाशी जोडलेले मेंदूतील फरक लहानच असतात. २०१४ मध्ये १०६ डावखुरे आणि १९६० उजवे यांच्या तुलनेत कॉर्टेक्सच्या पृष्ठफळाच्या असममितीत लक्षणीय फरक मिळाला नव्हता. २०२१ मध्ये ३१,८६४ जणांच्या अभ्यासात फरक मिळाले, पण ते बारीक होते.

आमच्या पैशात प्रत्येक गटात ६४ बसतील, त्यापलीकडे नाही. त्यामुळे अख्ख्या मेंदूचा शोध हा मुख्य प्रश्न ठेवणे प्रामाणिक ठरणार नाही. मुख्य तुलना दोनच ठिकाणी करायची : सेंट्रल सल्कसमधील हाताचे क्षेत्र आणि बेसल गँग्लियातील पुटामेन हा भाग. अख्ख्या मेंदूचा नकाशा काढायचा, पण तो प्राथमिक शोध म्हणून. निकाल काहीही आला तरी कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्यात असण्याचा अंदाज आहे तो पट्टा) द्यायचा, म्हणजे पुढच्या कोणाला आमचे आकडे आपल्या आकड्यांत मिळवता येतील.

तिसरे ठिकाण पडताळणीसाठी आहे. गेशविंड आणि लेविट्स्की यांनी १९६८ मध्ये १०० मेंदूंत प्लॅनम टेम्पोराले हा भाषेशी जोडलेला कॉर्टेक्सचा भाग मोजला, तेव्हा ६५ मेंदूंत ते डावीकडे मोठे आणि ११ मेंदूंत उजवीकडे मोठे होते. आमच्या उजव्या गटात हा डावीकडचा कल दिसलाच पाहिजे. नाही दिसला, तर पुढचे काहीही न पाहता बाजूंची आणि पद्धतीची पुन्हा तपासणी करायची. मात्र एखाद्या व्यक्तीची बाजू यावरून ठरवायची नाही. १०० पैकी ११ जण मुळातच उलटे आहेत, त्यासाठी कॅप्सूलच हवी.

१० ऑगस्ट

सॉफ्टवेअरची आखणी. व्हॉक्सेलच्या विश्लेषणासाठी कॅट-ट्वेल्व्ह या सॉफ्टवेअरची स्वतंत्र चालणारी आवृत्ती घेतली, त्यामुळे मॅटलॅब या सशुल्क प्रणालीच्या परवान्याचा खर्च वाचला. प्रत्येक प्रतिमा आणि तिची आरसा-प्रतिमा एकत्र घेऊन सममित टेम्प्लेट (तुलनेसाठी सगळ्यांचे मेंदू ज्यावर बसवायचे तो नमुना-मेंदू) तयार करायचा. नेहमीचा टेम्प्लेट स्वतःच असममित असतो आणि सगळ्यांचे मेंदू त्यावर बसवले तर त्याचा कल सगळ्यांच्या मापांत उतरतो. एकाच गोलार्धाचा मुखवटा (फक्त तेवढाच भाग ठेवणारा साचा) लावूनच चाचणी करायची, कारण निर्देशांकाच्या नकाशाचा दुसरा अर्धा भाग हा पहिल्याचाच उलट्या चिन्हाचा पुनरुच्चार असतो. मुखवटा मध्यरेषेपासून थोडा आत ठेवायचा आणि स्मूदिंग (शेजारच्या व्हॉक्सेलांची मापे एकमेकांत मिसळून गुळगुळीत करणे) त्यानंतर करायचे, म्हणजे एका बाजूचा संकेत दुसऱ्या बाजूत मिसळत नाही.

पृष्ठभागाच्या मापांसाठी फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर आणि त्यातील एफएसअॅव्हरेज-सिम हा सममित मेंदू वापरणार आहोत. इथे वेळ फार जातो. फ्रीसर्फरची रिकॉन-ऑल ही मुख्य आज्ञा एका मेंदूला कित्येक तास घेते आणि पावसाळ्यात मध्येच वीज जाते. वीज आल्यावर ते पुन्हा सुरू करायला गेले, की काम आधीच चालू आहे असे सांगून ते थांबते. स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये इझ-रनिंग नावाची फाइल मागे राहिलेली असते. ती काढून टाकली की काम झालेल्या पायरीपासून पुढे नेता येते, सुरुवातीपासून करावे लागत नाही. बॅटरीवरचा इन्व्हर्टर घेतला आहे, पण रात्रीचा खंड लांबला तर तो पुरत नाही. म्हणून कोणत्या मेंदूची कोणती पायरी पूर्ण झाली याची नोंद यंत्राबाहेर, वहीत ठेवतो.

चेहरा ओळखू येऊ नये म्हणून प्रतिमेतून चेहऱ्याचा भाग काढताना कानशिलावरची कॅप्सूलही जाऊ शकते. बाजूची तपासणी त्याआधी, दोघांनी वेगवेगळी करून, सही करून ठेवायची.

२४ ऑगस्ट

नीतिसमितीची मंजुरी आली. संमतिपत्रात दोन बदल सुचवले गेले आणि ते योग्यच होते. स्कॅनमध्ये अनपेक्षित आजार दिसला तर कोण, किती दिवसांत आणि कोणत्या दवाखान्यात कळवणार हे स्पष्ट लिहिले. बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे स्कॅन पूर्ण झाला नाही तरी मिळेल, हेही घातले. धातूच्या तपासणीच्या यादीत वेल्डिंग आणि ग्राइंडिंगचा प्रश्न वरच्या क्रमांकावर आणला, कारण ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये काम केलेल्यांच्या डोळ्यांत लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो. घट्ट बसलेली जोडवी घरीच साबणाच्या पाण्याने काढून यावी, हे आशाताई आदल्या दिवशी सांगतील.

गटांची व्याख्या, वगळण्याचे नियम, निर्देशांकाचे सूत्र व चिन्ह, दोन मुख्य ठिकाणे, पडताळणीचे ठिकाण आणि वय, लिंग व कवटीच्या आतील एकूण आकारमान ही सहचले असलेली आखणी ओपन सायन्स फ्रेमवर्क या, अभ्यासाची आखणी आधीच नोंदवून ठेवण्याच्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवून बंद केली. त्यानंतरचा कोणताही बदल कारणासह वेगळा लिहिला जाईल. स्कॅन पोळ्यानंतर सुरू करायचे आहेत. निंदणाचे काम तोवर ओसरते आणि कापसाचा पहिला वेचा लागलेला नसतो. वेचणी सुरू झाली की स्त्रियांना दिवस काढणे अशक्य होते, म्हणून प्रत्येक आठवड्याच्या यादीत आधी स्त्रियांची नावे भरली आहेत आणि पुरुषांच्या तारखा दिवाळीनंतर ठेवल्या आहेत. परंतु असे केले तर लिंग आणि स्कॅनची तारीख एकमेकांत गुंततील, ही हरकत मॅडमनी आज संध्याकाळी घेतली. ती मान्य करून प्रत्येक आठवड्यात तिन्ही गटांतील निदान एक पुरुष येईल अशी यादी पुन्हा लावत आहोत.